घडीच्या पोळीची तिसरी बाजू

आमची सून क्षमा बालवाडीत शिकवते. लोकांना वाटतं, त्यात काय शिकवायचं, नाकं पुसायची आणि गाणी म्हणायची. मलाही तसंच वाटायचं आणि ते मी तिला तोंडावर सांगितलंही होतं. मी मनात ठेवणाऱ्यातली बाई नव्हे. मनात ठेवलं की मला पित्त होतं.

ह्यांची नोकरी मद्रासबाहेर आवडी म्हणून गाव आहे तिथे, रणगाड्यांच्या कारखान्यात. सगळा जन्म तिथल्या क्वार्टरमध्ये गेला. हे निवृत्त झाले, मुलगा संकेत बँकेत लागला आणि आम्ही सगळे मैलापूरला फ्लॅटमध्ये आलो. मी सरोजिनी. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत, पण घर चालवायला तिसरी पुरते. मद्रासला आले तेव्हा तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. आता भाजीवाल्याशी भांडायला मला कुणाची गरज लागत नाही, आणि भाषा येते म्हणजे दुसरं काय असतं?

तर क्षमा. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत एक लहानशी शाळा आहे, तिथे ती वर्षभरासाठी लागली होती, कच्ची. पक्कं करायचं की नाही ते वर्षाअखेरीस मोठ्या बाई ठरवणार होत्या. एका शनिवारी त्या वर्गात येऊन बसणार, क्षमाचा एक धडा बघणार आणि मग सांगणार की जूनपासून वर्ग तुझा, किंवा नाही.

घरात पगाराची नड होती असं नाही. पण लग्न होऊन आल्यापासून ही मुलगी इथे गप्प गप्प असायची. भाषा येईना, ओळख होईना, गॅलरीत उभी राहून समोरच्या नारळाकडे बघत बसायची. शाळा लागल्यापासून जिन्यातूनच बोलत बोलत वर येते. चप्पल काढायच्या आधी आज कोण रडलं, कोण कुणाला चावलं, सगळं सांगून होतं. तमिळ तर असं बोलायला लागली की वॉचमन तिला तंजावरची समजतो. ती शाळा सुटली असती तर पुन्हा तो नारळ आणि ती. हे मला दिसत होतं. तिला मी तसं म्हटलं नाही, कारण सुनेला सगळंच सांगायचं नसतं.

धडा होता आकारांचा. गोल, त्रिकोण, चौकोन. मी म्हटलं, "फळ्यावर काढ, नाव सांग, दहा वेळा म्हणून घे. त्याला शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?"

"आई, नाव शेवटी सांगायचं असतं," क्षमा म्हणाली. ती जमिनीवर बसून पुठ्ठे कापत होती. "आधी हाताला कळलं पाहिजे."

"हाताला काय कळतंय? हाताला गरम कळतं आणि गार कळतं."

तिने मला डोळे मिटायला सांगितलं आणि हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. म्हणाली, कडेवरून बोट फिरवा, आणि बोटाला वळावं लागलं की 'टक' म्हणा. मी म्हटलं, ह्या वयात मला बालवाडीत बसवते की काय. पण फिरवलं. टक. टक. टक. टक.

"चौकोन," मी म्हटलं. "ह्यात काय मोठं?"

"बघा, डोळ्यांनी न बघता कळलं ना!" असा तिचा चेहरा उजळला, जसा काही मी परीक्षेत पहिला नंबर काढला.

सोफ्यावरून हे म्हणाले, "मला पण द्या एक."

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

क्षमाला एक पिशवी हवी होती, तोंडाला नाडी असलेली, आत हात जाईल पण डोळा जाणार नाही अशी. त्यात आकार टाकायचे आणि मुलांनी चाचपून सांगायचं. ती बाजारातून आणणार होती. मी माझ्या जुन्या खणाच्या ब्लाउजचं कापड काढलं आणि शिवून दिली. बाजारची पिशवी मुलं पहिल्या दिवशी फाडतात.

मग आला मातीचा प्रश्न. मुलांनी हाताने आकार करायचे म्हणून तिने ती रंगीत माती आणली होती, डबीतली. मी एक डबी उघडून वास घेतला आणि झाकण लावलं.

"हे पोरांच्या हातात देणार? ती खाणार हे."

"खाऊ नका म्हणून सांगते ना."

"साडेचार वर्षांच्या पोराला? तुझ्या सासऱ्यांना सत्तराव्या वर्षी सांगते गोड खाऊ नका. ऐकतात? कणीक ने. मी मळून देते. पोटात गेली तरी पोटातच जाईल."

हे तिला पटलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात तिच्या वर्गावरची आया, तुळसी, बहिणीच्या लग्नाला वेल्लोरला निघाली. शनिवारी पोरांना सांभाळायला दुसरा हात नाही. मी म्हटलं, मी येते. क्षमा जरा थांबली. ती थांबली ते मी पाहिलं.

"आई, याल तर बरंच होईल. फक्त एक आहे."

"काय?"

"मोठ्या बाई फार कडक आहेत. पढवून आणलेली मुलं त्यांना चालत नाहीत. माझ्या आधी कीर्ती म्हणून टीचर होती, तिने महिनाभर मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. बाईंनी एका मुलाला विचारलं, तुझं नाव काय? तर तो म्हणाला, ट्रँगल."

मी हसले.

"हसू नका. तिला जूनमध्ये घेतलं नाही. म्हणून तुम्ही मुलांना उत्तरं सुचवायची नाहीत. एकही नाही."

"मी कशाला सुचवतेय? मी कणीक देईन आणि गप्प बसेन."

सोफ्यावर पेपर हलला. पेपराआड हे हसत होते. त्यांचं काय ते मी नंतर बघितलं.

गुरुवारी संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि क्षमा शेजारी उभी होती. मी लाटी लाटली, तेल लावलं, अर्धी घडी घातली, पुन्हा तेल, पुन्हा घडी, आणि मला एकदम सुचलं.

"हे बघ! तुझा अख्खा धडा माझ्या पोळपाटावर आहे. हा गोल. हा अर्धा गोल. आणि हा त्रिकोण. आणि हाच परत लाटला की परत गोल. ह्याच्यापुढे तुझे पुठ्ठे काय?"

क्षमाने बघितलं आणि मान कलती केली. "गोल आणि अर्धा गोल छानच. पण आई, हा त्रिकोण नाही."

"काय नाही?"

"ह्याची ही बाजू वाकडी आहे ना. गोलाची कड आहे ती. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सरळ लागतात."

मी लाटणं खाली ठेवलं. आमच्या सासरी-माहेरी, आजीकडे, पणजीकडे, सगळीकडे घडीच्या पोळीला त्रिकोणी घडी म्हणतात. कुठल्याही महाराष्ट्रातल्या बाईला झोपेतून उठवून विचारा. आणि ही मला सांगते.

"तीन कोपरे आहेत की नाही?"

"आहेत."

"मग त्रिकोण. अहो, ऐकलंत का, ही पोळी त्रिकोणी आहे की नाही?"

आतून आवाज आला, "मी फक्त खातो. आकाराची चौकशी करत नाही."

"शाळेत तेवढं ह्याला त्रिकोण म्हणू नका," क्षमा हळूच म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि ती पोळी जरा जास्तच भाजली.

शनिवारी कणकेचा डबा, पोळपाट, लाटणं आणि मी, असे रिक्षाने शाळेत पोचलो. शाळा म्हणजे जुनं घर, पुढे अंगण, दारात ठळक कोलम, म्हणजे इथली रांगोळी. वर्गात पोरं चटईवर गोल करून बसली होती आणि मला बघून एका सुरात म्हणाली, "वणक्कम पाट्टी!" म्हणजे नमस्कार आजी. आवाज चांगला होता. मला आवडलं.

कोपऱ्यात खुर्चीवर मोठ्या बाई बसल्या होत्या. महालक्ष्मीबाई. जरीकाठाची साडी, नाकात दोन्हीकडे हिऱ्याची चमकी, पाठ ताठ. मी नमस्कार केला तर त्या मराठीत बोलल्या. क्षमाने मला हे सांगितलंच नव्हतं. त्या तंजावरकडच्या मराठ्यांच्यातल्या. त्यांची मराठी आपल्यासारखी नाही, जुन्या पोथीतल्यासारखी, त्यात तमिळचा हेल.

"यावें, यावें. तुम्हीच का सासूबाई? बसा हो. आज अस्के मिळून शिकूं."

अस्के म्हणजे सगळे, हे मला संदर्भाने कळलं. मी बसले. डबा मांडीवर धरून, ओठ घट्ट मिटून.

क्षमाने सुरुवात छान केली. जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून मोठे आकार केले होते, पोरं त्यावरून आगगाडी करून चालली आणि कोपरा आला की 'टक' म्हणून उडी मारली. गोलावरून जाताना टक आलंच नाही तेव्हा एक पोरगी, सुष्मिता नाव तिचं, दोन शेंड्यांची, चालतच राहिली. थांबायलाच तयार नाही. तिला उचलून बाजूला करावं लागलं. मग माझी पिशवी निघाली. एकेक जण आत हात घालून चाचपायचा, टकटक मोजायचा आणि सांगायचा. एकही चुकलं नाही. नवीन नावाचा एक काटकुळा पोरगा होता, पुढचे दोन दात किडून पडलेला. तो हात घातल्या घातल्या सांगायचा, आणि आपल्या आधीच्याचंही सांगायचा.

मी अभिमानाने मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा भिंतीसारखा. जरा वाकून मला म्हणाल्या, "फार लवकर येते उत्तर. पाठ करवून घेतलें असावें. मागल्या टीचरनेंही असेंच केलेलें."

माझ्या अंगाची आग झाली. पण मी शब्द दिला होता, म्हणून डब्याचं झाकण दाबून धरलं. क्षमाला ऐकू गेलं होतं. खडू तिच्या हातातून पडला. तिने तो उचलला, हसली, पण ते हसू दाराशी उभ्या पाहुण्याचं असतं तसं होतं.

मग कणीक वाटायची वेळ आली. मी प्रत्येकाच्या ताटलीत एकेक गोळा ठेवला. पोरांनी थापटून थापटून गोल केले. कुणाचा गोल बटाट्यासारखा, कुणाचा चपलेसारखा. क्षमा म्हणाली, आता बघा पाट्टी कसा गोल करतात. मी पोळपाटावर लाटी घेतली आणि लाटली. हात माझा भिंगरीसारखा फिरतो, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. पोरांनी "ओऽऽ" केलं. मी अर्धी घडी घातली. क्षमाने विचारलं, काय झालं? पोरं म्हणाली, अर्धा सर्कल. "निला!" एक जण म्हणाला, म्हणजे चंद्र. मी पुन्हा घडी घातली.

इथे मी थांबायचं होतं. क्षमा पुढचा प्रश्न विचारणार होती. पण मोठ्या बाई खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या, पोरं माझ्या हाताकडे डोळे लावून बसली होती, आणि वर्षानुवर्षं ज्या पोळीकडे घरात कुणी मान वर करून बघत नाही तिच्याकडे आज अख्खा वर्ग बघत होता. मी घडी उचलून हातावर धरली आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"आणि हा बघा, ट्रँगल!"

क्षमाने डोळे मिटले.

अर्धी पोरं लगेच ओरडली, "ट्रँगल!" पाट्टी म्हणते म्हणजे खरं. उरलेली एकमेकांकडे बघू लागली. आणि नवीन उठला. सरळ माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला, हात पुढे केला. मी घडी त्याच्या हातावर ठेवली.

त्याने बोट फिरवलं. "टक," म्हणाला. "टक." मग वाकड्या कडेवर बोट गेलं आणि ते जातच राहिलं. "टक." त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "इल्ले, पाट्टी."

"काय इल्ले? तीन टक झाले ना?"

"तीन टक झाले. पण हा रस्ता असा जातो." त्याने हाताने विमानासारखं वळण दाखवलं.

"जाऊ दे की. रस्ता कसाही जाईना, पोचतो ना?" मी माझ्या भाजीबाजारातल्या तमिळमध्ये म्हटलं. "कण्णा, बाळा, तुझी आजी शाळेत जायच्या आधीपासून मी पोळ्या करतेय."

"माझी पाट्टी पोळी करत नाही. इडली करते."

"मग तुला काय माहीत?"

बाकीची पोरं आता गुडघ्यावर उठली होती. नवीन जरा विचारात पडला. मग त्याने पिशवीतला जाड पुठ्ठ्याचा त्रिकोण काढला आणि ताटलीत उभा केला, सरळ कडेवर. तो उभा राहिला. शेजारी माझी घडी उभी केली, वाकड्या बाजूवर. हात काढला.

घडी डुलली. इकडे, तिकडे. पाळण्यासारखी.

"हा नाचतो!" नवीन म्हणाला. "ट्रँगल नाचत नाही!"

काय हसली ती पोरं. एकेकाने आपापला गोळा दुमडून ताटलीत डोलवायला सुरुवात केली. कणीक मऊ, दोन डोलात बसकण मारायची, की पुन्हा उचलून डोलवायची. सगळा वर्ग डुलत होता. मी एकटी ताठ बसले होते. साडेचार वर्षांचं, दात नसलेलं पोर माझ्या पोळीला चूक म्हणतं, आणि वर पोळीच त्याच्या बाजूने साक्ष देते! मी क्षमाकडे बघितलं. वाटलं होतं ती म्हणेल, पाट्टीशी असं बोलू नये. ती काय म्हणाली?

"तुमचा हात काय सांगतो?" तिने वर्गाला विचारलं. मला सोडवलं नाही तिने. त्या क्षणी मला राग आला आणि त्या क्षणीच हेही कळलं की ही मुलगी चांगली टीचर आहे.

"नाचतो!" पोरं ओरडली.

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. वर्ग गप्प झाला. एकदोन घड्या तेवढ्या ताटल्यांत डुलत राहिल्या. बाई माझ्याजवळ आल्या आणि मराठीत, फक्त मला आणि क्षमाला कळेल असं बोलल्या.

"उत्तम युक्ती केलीत. मोठ्या माणसाने मुद्दाम चुकावें आणि मुलाने पकडावें. कोणाची कल्पना ही? तुमची की सूनबाईची? आणि मुलाला कोणी सांगितलें, असें असें करावें म्हणोन?"

शेवटचा प्रश्न कसा विचारला ते मी ऐकलं. गोडीत, पण सुरी पदराखाली ठेवून. मी क्षमाकडे बघितलं. ती पांढरी पडली होती.

खरं सांगते, माझ्या जिभेवर 'माझी' हा शब्द आला होता. किती सोपं होतं! मुद्दाम चुकले, युक्ती केली, मुलांची परीक्षा घेतली. नाक वर राहिलं असतं. मोठ्या बाईंनी कदाचित मला चहासुद्धा पाजला असता. पण युक्ती झाली म्हणजे नवीनही पढवलेला झाला. आणि नवीन पढवलेला झाला म्हणजे क्षमा त्या कीर्तीच्या रांगेत.

मी पोळपाटावरून हात उचलला, पदराला पुसला आणि उठले. बसून बोलायची गोष्ट नव्हती ती.

"बाई, युक्ती वगैरे काही नाही. मी चुकले. मनापासून चुकले. सुनेने मला गुरुवारी सांगितलं होतं की हा त्रिकोण नाही, आणि मी तिचं ऐकलं नाही. इथे तोंड उघडायचं नाही असंही सांगितलं होतं, तेही ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकत नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. आता जिचं घरातली सासू ऐकत नाही, ती मला चुकायला तरी कशी पढवेल?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पण बघितलं. मी नजर खाली घालत नाही.

"आणि हा पोरगा," मी म्हटलं, "ह्याला मी आज पहिल्यांदा बघतेय. आणि ह्याला पढवून दाखवा तुम्ही. इडलीवरून माझ्याशी वाद घालतो."

बाईंच्या चमक्या हलल्या. म्हणजे नाक हललं. म्हणजे त्या हसू दाबत होत्या, हे मला जरा उशिरा कळलं.

"सरी, बरें," त्या म्हणाल्या. "मग मीच विचारतें. हें तरी कोणी पढवलें नसेल."

त्यांनी पदर खोचला आणि चक्क चटईवर बसल्या, जरीच्या साडीसकट. क्षमाने खुर्ची पुढे केली ती त्यांनी बघितलीसुद्धा नाही. माझी ती घडी ताटलीत उचलून घेतली आणि पोरांना तमिळमध्ये म्हणाल्या, "पाट्टीची पोळी ट्रँगल नाही. बरं. मग तिला ट्रँगल करा. कशी करायची, मला माहीत नाही."

क्षमाने कुणाला काही सुचवलं नाही. हात मागे बांधून उभी राहिली. मागे बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की मला इथून दिसत होती. मीही गप्प बसले. ह्या वेळी खरोखर.

पहिली सुष्मिता. तिने आपली घडी उचलली, वाकडी बाजू तोंडात घातली आणि चावून टाकली. मग ताटलीत ठेवून बघितली. कडेला दातांचे डोंगर उमटले होते. "टक टक टक टक टक," असं ती म्हणत राहिली आणि रडकुंडीला आली. दुसऱ्या एकाने वाकडी बाजू भिंतीवर आपटून सरळ करायचा प्रयत्न केला. भिंतीवर कणीक आणि कणकेत चुना. तिसऱ्याने घडी तशीच ठेवली आणि जाहीर केलं की त्याला भूक लागली आहे.

नवीनने माझं लाटणं मागितलं. मी दिलं. त्याने ते वाकड्या बाजूवर आडवं ठेवून दाबलं. कणीक कापली गेली, कड सरळ झाली. त्याने ताटलीत उभी केली, हात काढला. नाचली नाही. बोट फिरवलं, टक, टक, टक, आणि सगळे रस्ते सरळ. मग त्याने कापलेली चंद्रकोर तोंडात टाकली आणि मोठ्या बाईंकडे बघून चघळत राहिला.

"अजून कोणी?" बाई म्हणाल्या.

कोपऱ्यात एक पोरगी तेव्हापासून गप्प काम करत होती. तिने घडी घातलीच नव्हती. आपला चपटा गोल घेतला, एका बाजूने कड आत दुमडली, मग दुसऱ्या बाजूने, मग तिसऱ्या. पाकिटासारखं झालं. तिन्ही बाजू सरळ. न कापता, न चावता. मी वाकून बघत राहिले. इतक्या पोळ्या केल्या, पण माझ्या हाताला हे कधी सुचलं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

तिने मान हलवली. कुठेच नाही. आत्ता केलं.

महालक्ष्मीबाईंनी ते पाकीट हातात घेतलं, स्वतःचं बोट तिन्ही बाजूंवरून फिरवलं आणि प्रत्येक कोपऱ्यावर, अगदी हळू, "टक" म्हणाल्या. मग त्या उठल्या. उठताना त्यांनी माझा खांदा धरला. भारी बाई आहे, सांगते. साडीला मागे कणीक चिकटली होती. मी ती झटकली.

"क्षमा," त्या म्हणाल्या, "जूनपासून हा वर्ग तुझा. ही मुलें वरच्या वर्गात जातील, तूंही त्यांच्याबरोबर जा."

क्षमा मान हलवत राहिली, वर खाली, वर खाली. शेवटी मी म्हटलं, "हो म्हण गं, बाई वाट बघतायत."

"हो," ती म्हणाली आणि मग रडली. पोरांना वाटलं कणीक संपली म्हणून टीचर रडते. तिघाचौघांनी आपापले चिकट गोळे आणून तिच्या हातात दिले.

मोठ्या बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "सासूबाई, पुढल्या महिन्यांत आम्ही घनाकार घेतों. चेंडू, डबा, नळकांडें. याल काय? अशाच येऊन काहींतरी बोला."

"चुकायला बोलावताय की शिकवायला?"

"तें तुमचें तुम्ही ठरवा हो."

घरी आलो तर हे दारातच उभे. बातमी विचारायच्या आधी माझा चेहरा वाचायला लागले. क्षमाने जिन्यातूनच सांगायला सुरुवात केली होती: नवीन, लाटणं, सुष्मिताचे दात, बाईंची साडी, सगळं एका श्वासात, आणि चप्पल एकीकडे एक, दुसरीकडे एक. मी आत जाऊन भूक लागली म्हणून तवा ठेवला.

"मग सूनबाई पक्की झाली," हे म्हणाले. "आणि तू काय केलंस तिथे?"

"मी पोळी नाचवून दाखवली," मी म्हटलं. "बसा जेवायला. क्षमा, तूही ये. आज मी तीन बाजूंनी दुमडून बघणार आहे. त्या पोरीने केली तशी. फाटली तर गप्प खायची, सगळ्यांनी."